मामंजींचा नाण्यांचा डबा

मामंजींच्या मागे आमच्या घरात जे काही उरले, त्यात एक भिंतीवरचे घड्याळ, एक वेताची आरामखुर्ची आणि नाण्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा होता. घड्याळ बंद पडले, खुर्चीचा वेत तुटला. डबा मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ कपाटाच्या तळाशी जसाच्या तसा राहिला. २०२२ साली आमची अंधेरीची जुनी इमारत पाडून नवी बांधावयाचे ठरले, बिऱ्हाडे हलवावी लागली, आणि त्या डब्याचे काय करावयाचे हा प्रश्न चार वारसांपुढे उभा राहिला. शेवटी आम्ही तो विकला. 'विकला' हा शब्द लिहिताना हात अजून थोडा अडखळतो.

मी काही इतिहाससंशोधक नव्हे. शिवकालावर किंवा पेशवाईवर अधिकाराने लिहू शकतील अशा भगिनी आपल्या मंडळात आहेत. परंतु स्मरणिकेसाठी इतिहासावर काही तरी लिहाच, हा चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना. आणि इतिहास म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तो डबाच उभा राहतो. तेव्हा त्याचाच इतिहास सांगते. आपल्यापैकी कित्येकींच्या देवघरात, कपाटात, सासूबाईंच्या ट्रंकेत अशी एखादी पुरचुंडी असणारच. माझी फजिती त्यांच्या उपयोगी पडली तर पडो.

मामंजी रेल्वेच्या तिकीट-खिडकीवर बसत. नोकरीला लागले तेव्हा ती बी. बी. सी. आय. रेल्वे होती; १९५१ साली तिची पश्चिम रेल्वे झाली. त्या काळी रुपया घेताना तो दगडी फळीवर आपटून वाजवून घेण्याची रीत होती. खणखणीत वाजला तर घ्यावयाचा, बद्द वाजला तर परत. दिवसभर असे शेकडो रुपये वाजवून त्यांचा कान इतका तयार झाला होता की, स्वयंपाकघरात वाटी पडली तरी ते ओटीवरून सांगत, "पितळेची." खिडकीतून एखादे निराळे नाणे आले की, संध्याकाळी हिशेब देताना ते आपल्या खिशातले तेवढेच पैसे गल्ल्यात टाकीत आणि नाणे घरी आणीत. सरकारी पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही, हे सासूबाई मोठ्या अभिमानाने सांगत. मात्र पगारातले किती रुपये असे 'गोठले' हेही त्या त्याच दमात सांगत!

घरी आणलेले प्रत्येक नाणे ते जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळीत आणि सोबत एक चिठ्ठी ठेवीत. चिठ्ठीवर तारीख, स्टेशन आणि नाणे कोणी दिले ते. 'भाजीवाली', 'गिरणीतला माणूस', 'लग्नाचे वऱ्हाड', असे दोन-तीन शब्द. त्या चिठ्ठ्यांची गोष्ट पुढे येणारच आहे.

सर्व मिळून २१४ नाणी होती. त्यांपैकी ९१ चांदीचे रुपये. सर्वांत जुनी नाणी काही खिडकीवर आलेली नव्हेत. ती मामंजींच्या आजोळची. त्यांत तीन शिवराया होत्या आणि सात अंकुशी रुपये. शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. तांब्याचे ओबडधोबड नाणे, एखादे अक्षर कडेबाहेर गेलेले. पण अक्षर आपले, देवनागरी. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, त्या राज्याचे हे नाणे पुढे राज्य गेल्यावरही आपल्याकडच्या आठवडेबाजारांतून कित्येक वर्षे चालत राहिले.

अंकुशी रुपयाची तऱ्हा मात्र उलटी. हा पुण्याचा, पेशवाईतला रुपया. त्यावर पेशव्यांचे नाव सापडावयाचे नाही. नाव दिल्लीच्या बादशहाचे, तेही फारसीत! मराठ्यांची खूण म्हणून तेवढा एक हत्तीचा अंकुश. बादशहा नावापुरताच उरला होता. पण बाजारात त्याच्याच नावाचा रुपया लोक विश्वासाने घेत, म्हणून ते नाव कोणी काढले नाही. पैशाच्या बाबतीत माणूस फार सनातनी असतो, हे मला त्या रुपयाने शिकवले.

आणि रुपया एकच नव्हता. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती. प्रत्येकाचा कस निराळा. एका मुलखातला रुपया दुसरीकडे द्यावयाचा तर सराफ तो वाजवून, कसोटीला लावून, काही पैसे कापून घेई. त्यालाच बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तो हाच बट्टा. सराफांचे हे राज्य १८३५ च्या कायद्याने मोडले. कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया काढला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आपल्या फोर्टातली टांकसाळ तेव्हा नवीच, १८२९ ची. त्यानंतर वजनही रुपयाने होऊ लागले. ऐंशी रुपयेभार म्हणजे एक शेर. माझी आजी औषधी काढ्याच्या काड्या 'रुपयाभार' मोजीत असे.

डब्यातला मोठा भरणा राणीछाप रुपयांचा, म्हणजे व्हिक्टोरियाच्या मुखवट्याच्या. ते बावन्न होते. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात ही राणी कशी येऊन बसली याची मला नेहमी मौज वाटते. चांदी खरी, चेहरा बाईचा, डोक्यावर मुकुट. आपल्या बायकांनी तिला लक्ष्मीच्या पंगतीला बसवून टाकले. तिच्या मागून आलेल्या एडवर्ड राजाला हा मान मिळाला नाही. १९०३ पासूनच्या त्याच्या रुपयावर त्याचे डोके उघडे, शिवाय टक्कल. "बोडक्या डोक्याचा राजा पूजेत नको," म्हणून सासूबाई तो रुपया ताटातून वेचून बाजूला काढीत.

पाचव्या जॉर्जच्या पहिल्या, १९११ सालच्या रुपयाची हकीकत तर सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. राजाच्या झग्यावर हत्तीचे चिन्ह होते. पण ते इतके बारीक आणि इतके विचित्र उठले की लोकांना ते डुक्कर वाटले. हिंदू-मुसलमान दोघांनीही कुरकुर केली. शेवटी ते रुपये मागे घेऊन, १९१२ च्या रुपयावर सोंड नीट दिसेल असा हत्ती काढावा लागला. मामंजींच्या डब्यात असे दोन 'डुक्कर-रुपये' होते.

दुसऱ्या महायुद्धात चांदीच आटली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली; मग जुन्या कसाचे रुपये सरकारने एकेक करून बाद केले. व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये, जॉर्जचे १९४३ मध्ये. त्याच १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा आला, जो मुलांनी करगोट्यात ओवला. १९४७ च्या रुपयात तर चांदी मुळीच नाही. निकेलचा रुपया आणि त्यावर वाघ. राणीछाप रुपये बाद होण्याच्या सुमारास लोकांनी गाठोडी सोडली, मडकी रिकामी केली, आणि त्यातले कितीतरी रुपये मामंजींच्या खिडकीवर आले. त्यांच्या बहुतेक चिठ्ठ्या १९४०-४१ च्या होत्या त्या यामुळेच.

होत्या, असे मी म्हणते. कारण त्या आज नाहीत, आणि त्या मी घालवल्या.

१९७१ ची दिवाळी. मला या घरात येऊन दोनच वर्षे झाली होती. मामंजी आणि सासूबाई दोन दिवसांसाठी नाशिकला लग्नाला गेले होते. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायला रुपये काढावे म्हणून मी डबा उघडला, तो आत सगळे काळेकुट्ट! सुनेने घर कसे लखलखीत ठेवावे, याची त्या वयात एक ईर्षा असते. मी दुपारभर बसून चिंच आणि राख लावून, काथ्याने घासून ती सगळी नाणी पांढरीशुभ्र केली. चिंध्या बोळ्यासारख्या झाल्या होत्या, त्या टाकल्या. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या केरात भरल्या. आजोळच्या नाण्यांची पिशवी तेवढी मामंजींच्या कपाटाला कुलूप होते म्हणून वाचली.

मामंजी परत आले. डबा उघडून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, छान लखलखल्या हो." आणि झाकण लावले. यापलीकडे त्यांनी मला त्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही एक शब्द विचारला नाही. पण त्या दिवाळीनंतर त्यांनी डब्यात एकही नवे नाणे टाकले नाही. ते १९७९ साली गेले. आठ वर्षे तो डबा तसाच होता, आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

तो कळला आपल्या मंडळाच्या नाशिकच्या सहलीत. जुन्या सभासदांना ती सहल आठवत असेल. पांडवलेण्यांच्या पायऱ्यांनी आपली किती दमछाक केली होती! तिथे तिसऱ्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे. तो कोरवून घेतला गौतमी बलश्री या सातवाहन घराण्यातील राजमातेने. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, काय काय केले ते तिने त्यात सांगितले आहे. क्षहरातांचे कूळ त्याने निःशेष केले, असेही तिचे शब्द आहेत. आता आई मुलाचे कौतुक करणारच. तिच्या एकटीच्या शब्दावर इतिहासकार कसे विसंबणार? आपल्याबरोबर आलेल्या निवृत्त शिक्षकांनी तिथे पायरीवर बसून त्या शब्दांची साक्ष कशी सापडली ते सांगितले.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी या खेड्यात चांदीच्या नाण्यांचा एक साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, साधारण चवलीएवढी, सगळी क्षहरात राजा नहपान याची. रेव्हरंड स्कॉट नावाच्या एका पाद्र्याने ती तपासली आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लिहिले. या नाण्यांपैकी ९,२७० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा छाप मारलेला होता. तो छाप गौतमीपुत्र सातकर्णीचा! जिंकलेल्या राजाची नाणी आटवली नाहीत, त्यांवर आपली मोहर उमटवून तीच पुन्हा चालवली. आईचे बोलणे खरे ठरले. शिवाय नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या नाण्यांखेरीज त्या साठ्यात मधल्या कोणा तिसऱ्या राजाचे नाणे नव्हते. म्हणजे गौतमीपुत्राने सत्ता घेतली ती थेट नहपानाच्या राज्यावर, हेही दिसून आले.

ऐकताना मी विचार करीत होते की, हा साठा एकेका नाण्याने गावोगावच्या सोनारांकडे गेला असता तर? छाप मारलेले एखादे नाणे कोणाच्या तरी हाती लागले असते, त्याने नवल केले असते. पण दर तिनांतली जवळजवळ दोन नाणी पुन्हा छापलेली आहेत आणि तिसरा राजा मध्ये नाही, हे कोणाला कळते? ते नाण्यात लिहिलेले नव्हते. सगळी नाणी कुठे आणि कोणाच्या शेजारी पडली होती त्यात लिहिलेले होते. मामंजींच्या चिठ्ठ्या म्हणजे नेमके तेच होते. मी चिंचेने धुतला तो मळ नव्हता, पत्ता होता. त्या पायरीवर मला एकदम रडू आले. सोबतच्या भगिनींना वाटले, चढण्याने छातीत दुखते आहे!

दूर नाशिकलाच कशाला, आपण राहतो त्या साष्टी बेटाचेही असेच आहे. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या भूमीवर उभी आहेत, त्या या बेटात सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची इवलीशी नाणी सापडलेली आहेत. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी. भोवती बारीक अक्षरांत राजा स्वतःविषयी दोन गोष्टी सांगतो: तो परम शिवभक्त आहे, आणि मातापित्यांच्या चरणांचे ध्यान करणारा आहे. हीच नाणी नाशिक, सातारा, वऱ्हाडाकडेही निघाली. नाशिकजवळच्या अंजनेरीला सापडलेल्या आठव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात 'कृष्णराजरूपक' या नावाने पैशांचा उल्लेख येतो. म्हणजे राजा जाऊन सव्वाशे वर्षे झाली तरी त्याच्या नावाचे नाणे लोकांच्या व्यवहारात होते. त्याच अंजनेरीला १९८० साली नाण्यांच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था निघाली, हा योग मोठा गोड आहे. कुठे काय सापडले हे कोणी तरी टिपून ठेवले, म्हणून त्या राजाचा मुलूख आज नकाशावर दाखवता येतो.

आता आपल्या बायकांच्या गळ्यातल्या इतिहासाकडे वळते. डब्यात सोने नव्हते, पण सासूबाईंची पुतळ्यांची माळ होती आणि वाटणीत तीही पुढे आली. पुतळी म्हणजे काय हे मी माझ्या म्हातारपणी शिकले. व्हेनिस या इटलीतल्या शहराचे सोन्याचे नाणे, डुकाट. ते १२८४ पासून १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, जवळजवळ त्याच वजनाचे आणि त्याच कसाचे पाडले गेले: साडेतीन ग्रॅम, अगदी शुद्ध सोने. मिरी आणि कापड यांच्या बदल्यात ते जहाजांनी आपल्या किनाऱ्याला आले. त्यावर संत मार्क उभा आहे आणि त्याच्यापुढे व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून बसला आहे. आपल्या बायकांना त्या दोन बाहुल्या दिसल्या. म्हणून ती 'पुतळी' झाली. कोणी त्यांना राम-सीता मानले, आणि परक्या देशाचा संत मंगळागौरीला हळदीकुंकू लावून घेत बसला! मागणी वाढली तशा आपले सोनार तशाच पुतळ्या घडवू लागले. सासूबाईंच्या माळेतल्या चौदा पुतळ्यांपैकी दोनच खऱ्या व्हेनिसच्या निघाल्या. बाकीच्या बारांवर अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या होत्या. सोनाराला लॅटिन कुठून येणार? माळ वन्सांकडे गेली. ती आईची होती, तिच्याविषयी कोणी वाद घातला नाही.

वाद झाला तो डब्यावरून. पुतण्याचे म्हणणे, चांदी आहे, तोलून विकावी. त्या वर्षी चांदी साठ-पासष्ट रुपये ग्रॅम होती. जुन्या रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी. म्हणजे एका रुपयाला साडेसहाशे तरी येतात. वन्सं म्हणत, बाबांची वस्तू विकायचीच नाही. पण त्यांच्या दोन खोल्यांत एक सुईही ठेवायला जागा नाही. अमेरिकेतल्या भावोजींना पैसे नको होते, त्यांना आपल्या वाट्याची चौथाई नाणी हवी होती. आणि मला? मला वाटे की, डबा घरातून गेला तर निदान १९७१ ची दिवाळी माझ्या पाठीवरून उतरेल. हे मी त्या वेळी कोणाजवळ बोलले नाही.

आम्ही एका सराफाकडे गेलो. त्याने नाणी पाहिलीदेखील नाहीत, नुसता तराजू पुढे केला. तो लबाड नव्हता. चांदी आटवणाऱ्याला राणी काय आणि राजा काय, सारखेच. मग मला एका गृहस्थाचा फोन आला. पुतण्याच्या मुलीने नाण्यांची छायाचित्रे कुठेतरी घातली होती, ती म्हणे त्यांनी पाहिली. एकेका नाण्याचे लाख-लाख रुपये देतो, फक्त आधी नोंदणीचे एकवीसशे पन्नास भरा. सांगायला लाज वाटते, पण मी ते भरले. दुसऱ्या दिवशी कराचे म्हणून आणखी आठ हजार मागितले, तेव्हा डोळे उघडले. जुनी नाणी आणि नोटा घेण्या-विकण्याच्या नावाखाली कोणी शुल्क मागत असेल तर ती फसवणूक आहे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिली होती, हे मला मागाहून कळले. आपल्या पेठेत हा फोन आणखी दोघींना आला होता. नाणे घेणारा पैसे देतो, मागत नाही. एवढे साधे गणित मी विसरले.

भावोजींच्या वाट्याचा प्रश्न कायद्यानेच सोडवला. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे ही पुराणवस्तू होते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. देशात विकायला हरकत नाही, मात्र तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. म्हणजे १९११ चा डुक्कर-रुपया २०११ साली पुराणवस्तू झाला! (जमिनीत पुरलेले धन सापडले तर गोष्ट आणखी निराळी. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन कलेक्टरला कळवावेच लागते. ते वारसाचे नव्हे.) शेवटी भावोजी मोजके तेवढेच घेऊन गेले: १९४३ चे भोकाचे पैसे, वाघाचा रुपया आणि १ एप्रिल १९५७ ला आलेले नवे पैसे. त्या दिवसांत मामंजींच्या खिडकीवर आण्याला सहा नवे पैसे आणि चार आण्यांना पंचवीस, हा हिशेब समजावता समजावता त्यांचा घसा बसला होता. भावोजींना ते आठवत होते.

फोर्टातल्या एका परवानाधारक व्यापाऱ्याकडे अखेर आम्ही डबा नेला. वयस्क गृहस्थ, भिंग लावून एकेक नाणे पाहत होते. राणीच्या १८६२ सालच्या रुपयावर ते बराच वेळ रेंगाळत; कारण १८६२ हा आकडा पुढे बारा-एक वर्षे तसाच ठेवून टांकसाळीने फक्त बारीक ठिपके बदलले, आणि खरे साल त्या ठिपक्यांवरून ओळखावे लागते. दहा-बारा रुपये पाहून झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवले आणि विचारले, "ही कोणी घासली?"

"मी," म्हणाले.

"राखेने?"

"चिंच आणि राख."

ते काही बोलले नाहीत. पण मला मामंजींचीच आठवण झाली. नाण्यावरचा काळा थर म्हणजे त्याची कातडी, तो काढला की संग्राहक हात लावीत नाही, असे त्यांनी पुतण्याला समजावले. मी घासलेल्या बावन्न राण्यांना चांदीपेक्षा थोडेसेच जास्त मिळाले. आजोळच्या सात काळ्या अंकुशी रुपयांची, चिठ्ठी सोबत असल्यामुळे, त्यांनी आपणहून वेगळी किंमत केली. सगळ्या डब्याचे मिळून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास आले, चौघांत वाटले गेले.

सर्वांची मदार होती १९३९ च्या रुपयावर. सहाव्या जॉर्जचा त्या सालचा रुपया संग्राहकांत फार दुर्मिळ मानतात, आणि आमच्या डब्यात तो एक होता! गृहस्थांनी भिंगाखाली क्षणभर धरला आणि परत दिला. १९३८ चा रुपया. आठाचा नऊ कोरलेला. पुतण्याचा चेहरा पाहवेना. पुढे घर रिकामे करताना मामंजींची एक खिशातली वही सापडली. तीत पेन्सिलीने एक ओळ होती: "१९३९. आकडा बनावट. मौजेखातर ठेवला." त्यांना ठाऊक होते. त्यांची चिठ्ठी असती तर आम्हांलाही ठाऊक असते.

त्या वहीत आणखीही नोंदी आहेत. "अंधेरी, मार्च ४१, भाजीवाली, राणी, तिकीट नको, मोड हवी." "मालाड, गिरणीतला माणूस, राणी, बायकोच्या बाळंतपणाला." "वांद्रे, म्हातारी, राणी, रडत होती, विचारले नाही." अशा एकतीस नोंदी. डबा विकण्यापूर्वी मी त्या बावन्न राण्या पलंगावर मांडून, वही हातात घेऊन एक संपूर्ण दुपार बसले. यांतली त्या म्हातारीची कोणती? सगळ्या सारख्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. माझ्या हातांनी केलेल्या.

एक राणी मी स्वतःच्या वाट्यातून किंमत देऊन ठेवून घेतली. कोणती ते ठरवता येईना, तेव्हा डोळे मिटून उचलली. शिवराया वन्सांकडे आहेत. बाकी सगळ्यांची वजने, साले आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे पुतण्याच्या मुलीने विक्रीपूर्वी नीट वहीत लावली. मामंजींच्या नोंदी शेवटी जोडल्या. नाणी चार दिशांना गेली, पण कोणती नाणी एका डब्यात होती हे आता कोणालाही पाहता येईल.

ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्या भगिनींना आपल्या घरच्या नाण्यांची अशी यादी करावयाची असेल त्यांनी गुरुवारी भजन झाल्यावर मंडळात यावे. वजनाचा छोटा काटा आणि भिंग माझ्याकडे आहे. नाणी मात्र ज्या चिंधीत असतील त्याच चिंधीत, आहेत तशीच काळी आणावीत.